पट्टा आणि वस्तरा : प्रस्तावना

वस्तऱ्याला धार येते दगडावर आणि टिकते चामड्याच्या पट्ट्यावर. हे पुस्तक त्यातल्या दुसऱ्या कामाविषयी आहे. नीट सांभाळलेला वस्तरा महिनोन्‌महिने दगडाचं तोंड पाहत नाही. पट्ट्यावर मात्र तो प्रत्येक दाढीआधी जातो. तरीही धारेचा विषय निघाला की माणसं दगडाबद्दलच भरभरून बोलतात. कुठल्या खाणीचा, किती बारीक, किती महाग. पट्टा बिचारा खुंटीला लटकलेला राहतो. शिकणाऱ्याच्या हातात द्यावं असं या कामाचं मराठी पुस्तक मला हवं होतं, आणि ते पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातच तयार व्हावं असं वाटत होतं. कारण धार म्हणजे काय हे समजणारी, आणि ती मायक्रॉनमध्ये मोजू शकणारी इतकी माणसं एका जागी क्वचितच सापडतील.

आधी वस्तू समजून घेऊ. उघडा वस्तरा म्हणजे मुठीत घडी होणारं पातं. त्याची पाठ जाड असते, पोट दोन्ही बाजूंनी घासून पोकळ केलेलं असतं आणि कड इतकी पातळ की नखावर टेकवली तर लवते. पातं पाठीपासून धारेपर्यंत १८ मिलिमीटर रुंद आणि पाठ ५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा एकूण कोन साधारण १६ अंश येतो. त्रिकोणमिती येणाऱ्या कुणालाही हा हिशेब कागदावर करता येईल. चाकूला धार लावताना कोन मनगटाने धरावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीनेच ठरवून ठेवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकवायच्या, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटवायचं आणि परत यायचं. धारेवर उलटवलं की पट्टाही चिरतो आणि धारही जाते. दाब जवळजवळ नसावा. ताण पट्ट्याला असावा. क्रिया एवढीच आहे. पंधरा मिनिटांत समजते आणि हातात बसायला महिने लागतात.

या क्रियेने नेमकं काय घडतं, याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनहूनही बारीक. केस पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पट मऊ. मग धार जाते कशी? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जानलुका रोशोली, जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा उलगडा मांडला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून त्यांनी दाखवलं, की धार निव्वळ घासून गोल होते हे अर्धंच खरं आहे. केस वाकतो, धारेला तिरका रेटा देतो आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नसते तिथून बारीक कपचे उडतात. धारेवरची साबणाची साय आणि पाण्याने धरलेला सूक्ष्म गंज हे वेगळेच.

पट्टा यातलं काय दुरुस्त करतो, यावर जुनी समजूत अशी की वाकलेली कड तो सरळ करतो. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी २००४च्या अहवालात सूक्ष्मदर्शकाखालची चित्रंच पुढे ठेवली. दगडावरून उतरलेल्या पात्याची बर, म्हणजे कडेला लटकून राहिलेला धातूचा बारीक पदर, नुसत्या कोऱ्या चामड्याने फारशी निघत नाही; क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्याने छान निघते. यावरून कोरा पट्टा म्हणजे निव्वळ रीत आहे, असं म्हणणारा एक गट तयार झाला. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. बर काढणं हे दगडाच्या शेवटाचं काम आहे. पेस्टचा पट्टा खरं तर फार बारीक दगडच. तो धातू खातो आणि रोज वापरला तर धारेला पोट येऊन ती बोथटते. कोऱ्या चामड्याचं काम दाढी आणि दाढी यांच्या मधलं आहे. धार पुसणं, निवळ करणं, जरा हललेली कड जागेवर आणणं. ज्याने एक आठवडा पट्ट्याविना आणि एक आठवडा पट्ट्यासह दाढी केली आहे त्याच्या गालाला हा फरक कळतो. या पुस्तकात दोन्ही बाजू आल्या आहेत. माझं माप कुठे झुकतं ते मी इथेच सांगून टाकलं.

आता ज्यांच्या हातात हे ज्ञान होतं त्यांच्याकडे वळतो. गावगाड्यातल्या बलुतेदारांमध्ये न्हाव्याचं स्थान पक्कं होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५चं ‘गावगाडा’ वाचलं की ही सगळी व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. सुगीला धान्याच्या रूपाने बलुतं आणि वर्षभर सेवा. न्हाव्याच्या धोकटीत आरसा, वाटी, कातर, चिमटा, नराणी, एक-दोन वस्तरे, धारेचा दगड आणि चामड्याचा एक तुकडा. लांब पट्टा खुंटीला बांधायला दुकान लागतं. झाडाखाली नाहीतर ओट्यावर बसणाऱ्याकडे ते नव्हतं. म्हणून इथली रीत आखूड चामड्याची आणि तळहाताची. तळहातावर वस्तरा परजताना पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तळहात म्हणजे तेलकट, उबदार आणि दाबाला ताबडतोब उत्तर देणारं चामडंच. मात्र नवशिक्याने या वाटेला चुकूनही जाऊ नये.

या हत्याराचा सामाजिक इतिहास गुळगुळीत नाही. संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायातले आरसा आणि चिमटा अभंगात आणून त्यांना अध्यात्माचा अर्थ दिला. गावात मात्र हाच वस्तरा दलित वस्तीसाठी उचलला जात नसे, आणि तोच वस्तरा विधवा मुलीच्या डोक्यावरून फिरवला जाई. या दुसऱ्या अन्यायाविरुद्ध नाभिकांनीच हात आखडला. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. कारागिरांनी आपल्या हत्याराचा उपयोग नाकारून समाजाला उत्तर द्यावं, ही केवढी मोठी गोष्ट! शाळेच्या पुस्तकात ती मिठाच्या सत्याग्रहाइतकी ठळक असायला हवी होती.

धार लावण्याचं ज्ञान लिहिलं का गेलं नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ज्यांना ते येत होतं त्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती ते गाल पुढे करून बसत. पट्ट्याच्या चामड्याची गोष्ट तर आणखी खालच्या पायरीवर ढकललेली. कातडं कमावायचं ढोर समाजाने, त्यातून वस्तू घडवायची चांभार समाजाने, आणि दोघांनी राहायचं गावाबाहेर. बाभळीची साल, हिरडा, चुना आणि पाणी यांच्या हिशेबातून त्यांनी जे चामडं तयार केलं, तेच वस्तऱ्याला हवं असतं. घट्ट, कमी ताणलं जाणारं आणि पात्याला हलकी ओढ देणारं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं पिशवीला छान, पण पट्टा म्हणून ते ताणतं, खोलगट होतं आणि धारेचं टोक गोल करतं.

हिरड्याचं नाव घेतलं की आपल्या भागाचा संबंध लागतो. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं त्याच्या पश्चिमेला भीमाशंकरची डोंगररांग आहे. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या त्या पट्ट्यातले महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करत आले आहेत. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो; जून फळातलं टॅनिन चामड्याला. वनस्पतींच्या टॅनिनवर कमावलेल्या चामड्याची आपली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. चप्पल आणि पट्टा ही एकाच चामड्याची लेकरं. मात्र मार्च २०१५मध्ये प्राणी संरक्षणाचा सुधारित कायदा लागू झाल्यापासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे आज राज्यात कारागिराच्या हाती प्रामुख्याने म्हशीचं चामडं येतं. ते जाड असतं, त्याचा दाणा मोठा असतो आणि ओढ जास्त. नीट दाबून, घोटून घेतलं तर त्याचा पट्टा मला परदेशी गाईच्या चामड्यापेक्षा कमी वाटलेला नाही.

बाहेरच्या जगात या कामाची वळणं बनली ती पात्याच्या घडणीवरून. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनच्या मुशीतल्या पोलादाने इंग्लंडमधल्या शेफिल्डचं नाव झालं. शेफिल्डची जुनी पाती पाचरीसारखी भरीव आणि जड. त्यांच्याबरोबर लाकडी मुठीचे, चार बाजूंना वेगवेगळी पेस्ट लावलेले दांडके आले. आठवड्याच्या सात दिवसांचे सात वस्तरे एका पेटीत ठेवण्याची श्रीमंती रीतही तिथलीच. धारेला विश्रांती लागते अशी त्यामागची समजूत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगनने पातं पोकळ घासण्याची कला टोकाला नेली. असं पातं इतकं पातळ की केस कापताना त्याचा बारीक नाद ऐकू येतो. त्याला दाब सोसत नाही, म्हणून जर्मन घरांत लटकता दुहेरी पट्टा रुळला. एका बाजूला लिनन किंवा सुताचं कापड, दुसऱ्या बाजूला चामडं, आधी कापड मग चामडं. याच देशात चौकटीत स्क्रूने ताणून बसवलेला पट्टाही निघाला. हात थरथरणाऱ्या माणसासाठी तो मला आजही सर्वांत चांगला वाटतो. अमेरिकेत १८९३ साली ए. बी. मोलर यांनी शिकागोला केशकर्तनाची पहिली शाळा काढली आणि पट्ट्यावरचा हात ही शिकवण्याची, परीक्षा घेण्याची गोष्ट झाली. जपानी वस्तऱ्याच्या, म्हणजे कामिसोरीच्या, दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यामुळे तिची शिस्तही वेगळी.

मग ब्लेड आलं. जिलेटला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढच्या काही दशकांत घराघरातला पट्टा खुंटीवरून उतरला. आपल्याकडे ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपर-मॅक्स ब्लेड गल्लीतल्या टपरीपर्यंत पोचलं. तरी सलूनमध्ये वस्तरा आणि पट्टा टिकून होते. त्यांना हटवलं ते रोगाच्या भयाने. १९९०च्या दशकात एड्सची धास्ती पसरली, हेपटायटिस बी आणि सी यांचीही माहिती लोकांना झाली, आणि ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा उस्तरा दुकानोदुकानी आला. गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलायचं.

हा बदल योग्यच होता, हे मी निक्षून सांगतो. पोलाद उकळता येतं, चामडं उकळता येत नाही. दहा माणसांच्या दाढीला एकच पट्टा वापरला तर वस्तरा जंतुनाशकात बुडवूनही काही साधत नाही, कारण पुढच्याच क्षणी तो त्याच चामड्यावरून जातो. म्हणून या पुस्तकातलं प्रत्येक पान घरातल्या, एकट्याच्या वापरासाठी आहे. सलूनमध्ये उघड्या वस्तऱ्याचं पुनरागमन व्हावं अशी इच्छा कुणी यातून काढू नये.

याच काळात आपल्या औद्योगिक पट्ट्यात दुसरा एक बदल घडत होता, आणि या पुस्तकाची कल्पना मला त्याच्याकडे पाहताना सुचली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने; १९८२ला महानगरपालिका झाली आणि पुढे कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण मोटारींसाठी ओळखलं जाऊ लागलं. सुरुवातीच्या त्या पिढीत लेथवरचा टर्नर आपलं हत्यार आपणच घासायचा. एचएसएसचा, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचा, चौकोनी तुकडा बेंच ग्राइंडरवर धरायचा, कोन नजरेने साधायचा, पाण्यात बुडवायचा आणि शेवटी तेलाच्या दगडावर दोन-चार हात फिरवून कड निवळ करायचा. ते शेवटचे दोन-चार हात म्हणजेच पट्ट्याचं काम. आयटीआयमधून आलेल्या पोराला मशिनवर उभं करण्याआधी हे शिकवलं जाई.

मग कार्बाइडचे इन्सर्ट आले. १९६०मध्ये स्थापन झालेली, दापोडीला कारखाना असलेली सँडविक एशिया आपल्या अगदी शेजारची. इन्सर्टची एक कड गेली की स्क्रू सैल करून दुसरी पुढे आणायची, सगळ्या संपल्या की भंगारात. उत्पादनासाठी हे अत्यावश्यक होतं. सीएनसी मशिनवर हाताने घासलेल्या हत्याराला जागा नाही. पण काय झालं ते पाहा. सलूनमध्ये वस्तऱ्याच्या जागी अर्धं ब्लेड आणि कारखान्यात घासलेल्या हत्याराच्या जागी इन्सर्ट. एका पिढीच्या आत दोन्ही ठिकाणी धार ही राखायची गोष्ट न राहता बदलायची गोष्ट झाली. दोन्हीकडची कारणं रास्त, आणि दोन्हीकडे हात रिकामा झाला. चिंचवडच्या टूलरूममधल्या निवृत्त ग्राइंडरने आणि काळेवाडीतल्या वयस्कर नाभिकाने एकमेकांसमोर बसून बोलावं, ही माझी इच्छा होती. ते बसले आणि बोललेही, आणि त्या बोलण्यातून या पुस्तकाचा मोठा भाग निघाला. बर, लॅपिंग, कडेची लव, घोट हे शब्द दोघांच्या बोलण्यात वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच अनुभवापाशी थांबले.

आज या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा तिशीतला आहे. मोशी, रावेत, वाकडच्या इमारतींत राहणारा, चाकणला किंवा हिंजवडीला नोकरी करणारा. रेझरची प्लॅस्टिकची काडतुसं दर महिन्याला कचऱ्यात टाकायचा त्याला कंटाळा आला आहे, किंवा आजोबांच्या पेटीत त्याला एक काळवंडलेलं पातं सापडलं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर शेफिल्डचा किंवा झोलिंगनचा शिक्का असलेला वस्तरा मिळतोही. परदेशी चित्रफिती पाहून तो दगड मागवतो, पेस्ट मागवतो, आणि पहिल्याच आठवड्यात पट्ट्यावर धार उलटी फिरवून सगळं बिघडवतो. त्याला महागड्या सामानापेक्षा शेजारच्या जाणत्या माणसाचं बोट धरायला मिळावं, अशी माझी धडपड आहे. त्याच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे, ती त्याने ओळखावी. भोसरीच्या कुठल्याही डाय पॉलिश करणाऱ्याकडे एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट असते आणि ती कशी, किती, कुठे लावायची याची समजही असते.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. वस्तरे घडवणं, दगडांची तुलना, कंपन्यांची क्रमवारी यांना हात लावलेला नाही. कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या हा बाहेरचा प्रघात दिला आहे, पण नियम म्हणून नाही. कुठल्या पोलादाला किती लागतात हे दाढीनेच ठरवायचं असतं. धार तपासायला अंगठा फिरवण्याची पद्धत जाणूनबुजून गाळली आहे. ज्यांना ती येते त्यांना सांगण्याची गरज नाही. नाभिक आणि चर्मकार कारागिरांनी जे सांगितलं ते त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे; प्रमाणभाषेत बसवताना त्यातला नेमकेपणा सांडत होता. त्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

हवामानावर मात्र मी मुद्दाम जास्त पानं मागून घेतली. परदेशी पुस्तकं कोरड्या, थंड घरांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामडं ओल धरतं, त्यावर पांढरी बुरशी येते, आणि कार्बन पोलादाची धार एका रात्रीत तांबूस ठिपके दाखवते. पावसाळ्यात पट्टा न्हाणीघरात टांगू नये, पिशवीत बंद करून ठेवू नये, तेलाने भिजवू नये. तळहात चामड्यावरून रोज दोनदा फिरवला तर त्याला लागेल तेवढं तेल मिळतं. दाढी झाल्यावर पातं धुऊन, पुसून कापडी बाजूवर आठ-दहा वेळा फिरवायचं आणि मगच तेलाचा हात देऊन ठेवायचं.

आणि पहिला पट्टा महागाचा घेऊ नका. तो चिरणारच आहे. तीन इंच रुंद आणि दीड-दोन फूट लांब अशी म्हशीच्या चामड्याची पट्टी ओळखीच्या चर्मकाराकडून कापून घ्या. क्रोमची नको, सालीवर कमावलेली हवी, आणि गुळगुळीत बाजू वर. कापडाच्या जागी जाड सुती नवार चालते; गाडीच्या सीटबेल्टची पट्टीही चालते, आणि ती चाकण-भोसरीत मिळायला अवघड नाही. पट्टी खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं टोक डाव्या हाताने ताणून धरा आणि पहिले पंधरा दिवस त्यावर लोणी लावायची बोथट सुरी फिरवा. पाठीवर उलटवायचं वळण हाताला डोकं न लावता पडलं की मग वस्तरा उघडा.